डब्याच्या पिशवीतला कॉम्प्युटर

स्टोअरकीपरच्या बायकोला नवऱ्याचं कौतुक वाटेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. ती शाळेचे गणवेश शिवायची. मापात न बसणारं काही तिला खपायचं नाही, आणि हा माणूस तर कुठल्याच मापात बसत नव्हता. ऑफिसात कागदाचे गठ्ठे आणि पेनांची खोकी सांभाळायचं त्याचं काम. पण घरी ऐट अशी, की सगळं ऑफिस ह्याच्याच खांद्यावर उभं आहे.

"मी नसलो तर तिथे पान हलत नाही," तो जेवताना सांगायचा.

हलत असेल, तुम्हाला दिसत नसेल, असं ती मनातल्या मनात म्हणायची.

मग ऑफिसातले जुने अवजड कॉम्प्युटर गेले आणि थिन क्लायंट आले. डब्याएवढी काळी पेटी, स्क्रीनच्या मागे अडकवलेली. ना पंखा, ना घरघर. ती पाहून स्टोअरकीपरच्या तोंडाला पाणी सुटलं. मुलीला कॉम्प्युटर हवाच होता, आणि दुकानातून विकत आणणं ह्याला कमीपणाचं वाटायचं. एका संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून पेटी घरी आली.

"ऑफिसने बक्षीस दिलंय," त्याने जाहीर केलं.

पेटीच्या मागचा नंबर अर्धवट खरवडलेला बायकोला दिसला.

मुलीने पेटी टीव्हीला जोडली. स्क्रीन उजळली, बराच वेळ एक चक्र गरगरत राहिलं, आणि शेवटी ओळ उमटली: सर्व्हर सापडत नाही.

"वायर नीट लाव!" तो खेकसला.

मुलीला हसू आवरेना. "बाबा, वायरीचा काय दोष? फायली, प्रोग्रॅम सगळं ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर असतं. ही पेटी ते फक्त टेबलावर दाखवते. घरी हिचा काही उपयोग नाही."

"म्हणजे रिकामी?"

"जवळजवळ."

"चोरायची तर निदान आत काहीतरी असलेली वस्तू चोरायची," बायको म्हणाली.

"चोरी कसली? वापरायला आणली," असं पुटपुटत त्याने ताट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी मात्र स्वारी खुशीत परतली. पेटी हरवल्याची चौकशी साहेबांनी ह्याच्यावरच सोपवली होती!

"टायपिस्टच्या टेबलावरून गेली ना, तिच्याकडून लेखी खुलासा मागितलाय मी. नवीन आहे पोरगी. नोकरी जाईल बहुतेक."

"स्टोअरमधली का नाही उचललीत?"

"वेडी आहेस का? स्टोअर माझ्या ताब्यात. आळ माझ्यावरच आला असता!" स्वतःच्या हुशारीवर तो मनापासून खूश होता.

"रडली का ती?"

"रडली की. निर्दोष माणूस रडतो कशाला?"

आजवर ती त्याचं सगळं हसण्यावारी नेत आली होती. आज तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

सकाळी तो निघून गेल्यावर तिने पेटी गणवेशाच्या कापडात गुंडाळली आणि थेट ऑफिस गाठलं. टायपिस्ट बंद स्क्रीनसमोर सुजलेल्या डोळ्यांनी बसली होती. बायकोने पेटी तिच्यापुढे ठेवली.

"ही घे गं तुझी. माझ्या नवऱ्याने नेली होती. त्यांना वाटलं, कॉम्प्युटर आहे."

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबही केबिनबाहेर आले. स्टोअरकीपर धावत आला, पेटी पाहून पांढराफटक पडला, पण जीभ काही थांबली नाही. "साहेब, मीच... मीच चौकशी करून शोधून काढली!"

"हो, आमच्या टीव्हीमागे," बायको म्हणाली आणि कापडाची घडी घालून घेतली.

साहेबांनी टायपिस्टचा खुलासा फाडून टाकला आणि तिची माफी मागितली. स्टोअरच्या किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या. ह्याला टपालाची पाकिटं चिकटवायला बसवलं, पगारवाढही रोखली. बरेच दिवस तो बायकोशी बोलला नाही. घरात बरं वाटत होतं.

मग एका संध्याकाळी तो पुन्हा सुरू झाला. "मी वरचढ होत होतो ना, म्हणून मुद्दाम बाजूला काढलं मला. टपालात तर आता—"

तिने शिलाई मशीन सुरू केलं. पुढचं तिला ऐकू आलं नाही.