मागच्या रांगेचं प्रकरण

घरात तिला सगळे शिट्टी म्हणत. नाव मोठ्या भावानं ठेवलेलं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. तोंडात बोटं न घालता, नुसत्या ओठांनी ती अख्खं गाणं वाजवायची. जिन्यात, न्हाणीघरात, बसची वाट बघताना. "मुलीच्या जातीनं शिट्टी मारू नये," असं लहानपणी जो तो सांगून गेला. तिनं प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि पुढचं कडवं वाजवलं. पुढे ती दादा-वहिनीकडे राहायला आली, पीएचडीला नाव घातलं, तिशी ओलांडली, तरी शिट्टी ती शिट्टीच राहिली.

तिची खोली म्हणजे बंद करून घेतलेली बाल्कनी. एका अंगाला वॉशिंग मशीन, दुसऱ्या अंगाला इस्त्रीचं टेबल. टेबल उंच, म्हणून ती उभ्यानंच लिहायची. सकाळी चहाच्या आधी एक पान, हा तिचा नेम. पाठकोरे कागद घ्यायचे आणि मनात येईल ते लिहायचं: प्रबंधातलं अडलेलं वाक्य, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं भुंकणं, वहिनीशी झालेलं भांडण. अट एकच, खोडायचं नाही. पान भरलं की तिचा हात सैल व्हायचा आणि मग खरं काम सुरू व्हायचं.

दादाला हे पटायचं नाही. तोंडाला साबण फासून तो दारात उभा राहायचा.

"अजून शुद्धलेखनच चाललंय का? अशानं पीएचडी कधी होणार?"

"तू रोज दाढी करतोस ना? दुसऱ्या दिवशी परत उगवतेच. मग करतोस कशाला?"

स्वयंपाकघरातून वहिनीचं हसणं ऐकू यायचं आणि दादा पाय आपटत आरशाकडे परतायचा.

तिचा विषय होता वर्गखोल्यांतला आवाज. शिक्षक पुढे बोलतात, त्यातलं शेवटच्या बाकापर्यंत नेमकं काय पोचतं? जिन्यात शिट्टी गोड लागते आणि गाद्यांच्या दुकानात मरून जाते, हे तिला पुस्तकं उघडण्याआधीच माहीत होतं. आता ती तेच रीतसर मोजत होती. खोलीच्या मधोमध फुगा फोडायचा आणि आवाज किती वेळ घुमत राहतो ते यंत्रावर टिपायचं. मग पुढे उभं राहून साधे सुटे शब्द वाचायचे, आणि बसलेल्यांनी ऐकू आलं ते लिहायचं. फुगे देताना कोपऱ्यावरचा दुकानदार दर वेळी विचारायचा, "आज कुणाचा वाढदिवस?" ती म्हणायची, "सातवी ब चा."

शनिवारी दुपारी मात्र अभ्यासाला सुट्टी. एक दातांचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आणि ती, असं शिट्टीवाल्यांचं त्रिकूट एका मोठ्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जमायचं. तिथे आवाज असा काही घुमायचा की तिघांची तीस माणसं व्हायची. पहारेकरी कटकट करायचा, पण डॉक्टरांनी त्याची दाढ फुकट काढून दिल्यापासून तो दुसरीकडे बघायला शिकला होता.

तिचे मार्गदर्शक सर हे कडक प्रकरण होतं. माणूस वाईट नव्हे. यंत्र हातात कसं धरायचं इथपासून त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण लिहिण्यावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तिनं लिहावं, 'मी मोजलं', आणि सरांनी वर लाल पेनानं लिहावं, 'मापन करण्यात आले'.

"संशोधनात 'मी' नसतो," सर म्हणाले.

"मग मोजलं कोणी, सर?"

"मापन झालं."

"आपोआप?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. त्या दिवशी काही ठिकाणी तिनं 'करण्यात आले' करूनही टाकलं. पण चौथ्या प्रकरणावर आल्यावर गोष्ट वेगळी झाली.

चौथं प्रकरण विभागाच्या नव्या सभागृहावर होतं. उंच छत, एका बाजूला अखंड काच, खाली आरशासारखी फरशी. बांधकाम समितीत सर स्वतः होते. दाराजवळच्या दगडावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. शिट्टीनं तिथे शब्द वाचले तेव्हा मधल्या रांगेपासून मागे बसलेल्यांनी 'दाढी'ची 'गाडी' केली, 'पाणी'ची 'वाणी' केली आणि 'सादर'ची सरळ 'चादर' घातली. जवळपास निम्मे शब्द गेले होते. तिनं लिहिलं: 'या सभागृहात मागे बसणाऱ्याला निम्मं व्याख्यान कळत नाही. मी स्वतः मोजलं आहे.'

सरांनी ते प्रकरण टेबलावर उलटं ठेवलं.

"हे काढा. शाळांवर भरपूर काम झालंय तुमचं. याची गरज नाही."

"माझ्या मोजण्यात चूक आहे का, सर?"

"चूक असण्याचा प्रश्न नाही. औचित्याचा आहे."

घरी येऊन तिनं सांगितलं, तसा दादा म्हणाला, "काढून टाक. एक प्रकरण गेलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मासा मोठा आहे म्हणून पाणी त्याचं होतं का?"

"पदवी मिळू दे आधी, मग भांड."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खरंच ते प्रकरण काढलं. उरलेला प्रबंध उभ्यानं वाचून काढला. सगळं नीट होतं, सभ्य होतं. गरीब शाळांच्या पत्र्याच्या छपरांना तिनं खुशाल नावं ठेवली होती आणि स्वतःच्या विभागाच्या काचेपाशी येऊन तिची वाचा बसली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. इस्त्री करायला आलेल्या वहिनीनं विचारलं, "काय गं, तोंड का असं?"

"मला जिथे कुणी काही करू शकत नाही, तिथेच मी शूर झालेय, वहिनी."

"मग घाल की परत," वहिनी म्हणाली आणि शर्टावर पाणी शिंपडलं.

तिनं प्रकरण परत घातलं. सरांनी प्रबंध पुढे पाठवायची सही थांबवली. 'पुढच्या आठवड्यात बघू' असं करत करत पावसाळा सरला. मग शिट्टीनं नवा शिरस्ता सुरू केला: सकाळचं पान घरी लिहायचं सोडून ती सरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून लिहू लागली. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, सरांची वाट बघताय?" "नाही, सहीची," ती ठणकावून सांगायची. आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

शेवटी सरांनी तिला बोलावलं. "तुम्ही तमाशा करताय."

"सर, एकदा माझ्याबरोबर चला आणि पुन्हा मोजा. चूक निघाली तर आजच्या आज प्रकरण काढते. नाहीतर ते का काढायचं, याचं कारण मला लिहून द्या. मी ते प्रस्तावनेत घालते."

मोजायला काही सर गेले नाहीत आणि कारणही लिहिलं नाही. सही केली. "पुढे काही झालं तर माझ्याकडे येऊ नका," एवढंच म्हणाले.

तोंडी परीक्षा नेमकी त्याच सभागृहात ठेवली गेली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पहिल्या रांगेत बसल्या. पांढरे केस, करडा आवाज. चौथं प्रकरण उघडून त्या म्हणाल्या, "इतके शब्द चुकले? ऐकणाऱ्यांचं लक्षच नसेल."

शिट्टीचं तोंड काही ऐकेना. "बाई, तुम्ही शेवटच्या रांगेत बसून बघाल का?"

"ही काय सर्कस आहे?" सर पुटपुटले. पण बाई उठल्या, चपला वाजवत मागे गेल्या, बसल्या आणि पेन काढलं. शिट्टीनं माईक बाजूला ठेवला आणि शब्द वाचले. मग बाईंनी आपला कागद वाचून दाखवला: 'दोरा'चा 'घोडा' झाला होता आणि 'सासू'ची 'काजू'. मागे बसलेली विभागातली मुलं खो खो हसली. असे घोटाळे त्यांच्या रोजचे होते.

शिट्टीला वाटलं, जिंकले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हसू नका. माझे कान म्हातारे आहेत, माझ्यावरून काहीही ठरत नाही. तुमच्या ऐकणाऱ्यांची वयं कुठे लिहिलीत?"

ती कुठेच लिहिली नव्हती. शिट्टीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "ती चूक माझी," ती म्हणाली. "पुन्हा मोजते."

"मोजा. प्रकरण ठेवा, पण नीट करून."

तिनं पुन्हा मोजलं, तरुण वेगळे, वयस्क वेगळे. शब्दांचा तोटा थोडा कमी निघाला. तरुणांचेही शब्द जात होते, पण आधी दिसले तितके नाहीत. तिनं तसंच लिहिलं: 'माझ्या पहिल्या मोजणीत तोटा जास्त दिसला होता. ते चूक होतं. तोटा आहे, हे चूक नव्हतं.' इथलं 'माझ्या' कुणी खोडलं नाही.

पदवी मिळाली. सरांनी अभिनंदन केलं नाही, आणि विभागात जागा निघाली तेव्हा तिला बोलावणंही आलं नाही. प्रबंधाची एक प्रत दादानं ऑफिसला जाताना मागून घेतली होती. संध्याकाळी तो बूटही न काढता तिच्या बाल्कनीच्या दारात आला.

"हे चौथं वाचलं," तो म्हणाला. "आमच्या मीटिंगच्या खोलीत पण असंच होतं. मी मागे बसतो. मला वाटायचं, आपलंच डोकं कमी पडतं."

ती सरकली आणि त्याला मशीनवर टेकायला जागा करून दिली.

आता ती शाळाशाळांतून हिंडते. वर्गात जाड पडदे कुठे लावायचे, छताला काय ठोकायचं ते सांगते. अर्धे मुख्याध्यापक ऐकतात, अर्धे चहा पाजून वाटेला लावतात. विभागानं मात्र सभागृहात पडदे लावले नाहीत, भलेमोठे स्पीकर लावले. गोंगाट दुप्पट झाला आणि शब्द आणखीच बुडाले. तिनं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरं पाठवलं, मग तिसरं. एकदा विभागाच्या पायऱ्यांवर सर समोरून आले.

"तुम्हाला कंटाळा येत नाही का हो?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, पण थोडं कुतूहलही असावं.

"येतो ना, सर," ती म्हणाली. "पण मागच्यांना अजून ऐकू येत नाहीये."