दोन रस्त्यांच्या बेचक्यातलं घर

वाटणीत थोरल्या दिरांनी मागचा चौकोनी तुकडा घेतला आणि आम्हाला दिलं टोक. सातपूरला दोन रस्ते फुटतात तिथलं, बेचक्यातलं. मागं जेमतेम वीस फूट, पुढं निमुळतं होत होत वीतभर. "रसवंती टाका, छान चालेल," दीर म्हणाले. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. घरी येताच मी नवऱ्याला बजावलं, बांधीन तर इथंच, आणि असं घर बांधीन की ह्यांना आपलं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

नवरा कारखान्यात फिटर, जन्माचा घुमा. "बघ बाई," एवढंच म्हणाला.

पहिले दोन गवंडी जागा बघूनच पळाले. एकानं वर ऐकवलं, तीन कोपऱ्यांच्या घरात लक्ष्मी टिकत नाही. म्हटलं, तिला चौथा कोपरा कशाला हवाय, रुसून बसायला? तिसरे आले ते मालेगावचे चाचा. त्यांनी काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या काढला, टोकाशी धरला आणि हसत परत पिशवीत टाकला. "भाभी, ह्याचं इथं काम नाय. ओळंबा सरळ पडला की भिंत उभी राहते. कोन कसाबी असू दे."

उभं राहिलं की घर! चांगलं दुमजली. पण माहेरचं कपाट एकाही कोपऱ्यात बसेना, पलंग तिरका टाकावा लागला. वास्तुशांतीला भरल्या घरात जाऊबाई बोलल्या, "अगं बाई, ही तर इस्त्रीच उभी केलीय!" सगळी पंगत हसली. खोटं कशाला बोलू, मी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून रडले.

संध्याकाळी लेक मोबाइल घेऊन आली. "आई, रडतेस काय, हे बघ." अमेरिकेत भल्यामोठ्या टोपलीसारखी कचेरी, वर दोन कड्यासुद्धा. पोलंडमध्ये छपरावर उलटं उभं घर. आणि मग एक जुनी उंच इमारत, दोन रस्त्यांच्या बेचक्यातच, हुबेहूब इस्त्री! तिच्यापुढं उभं राहून लोक फोटो काढत होते. मी डोळेच पुसले.

दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावला आणि टोकावर हातभर अक्षरांत लिहून घेतलं, 'इस्त्रीघर'. नवरा म्हणाला, वेडी झालीस का? म्हटलं, हसणाऱ्याचे दात दिसतात, आपलं घर दिसू दे.

आणि दिसलं! वर्षभरात रिक्षावाले विचारायला लागले, "इस्त्रीघरला कोण उतरणार?" मेडिकलवाला, दूधवाला, सगळे तोच पत्ता सांगायला लागले.

परवा दीर आणि जाऊबाई मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. मी चष्मा लावला. निमंत्रकांचं नाव, आणि खाली ठसठशीत पत्ता: इस्त्रीघराच्या मागे, सातपूर.

मी मोठ्यानं वाचला, आत नवऱ्याला ऐकू जाईल असा.

दीर चुळबुळले. "त्याशिवाय पाहुण्यांना सापडत नाही ना."

"हो, खरंय. बसा, चहा ठेवते," म्हटलं आणि पत्रिका घेऊनच आत आले. नवरा ओट्याला टेकून उभा होता, तोंडावर पंचा दाबून, हसून हसून लाल झालेला.

"परत एकदा वाच ना," म्हणाला.