अंग घासायची गिलकी

"पल्लू से झाड़," सेठजी म्हणाले.

मल्हारगंजात त्यांचं बियाण्यांचं दुकान. समोर रस्त्याकडेला फडकं पसरून मी माझं बी विकायची. गिलकी (तुमची घोसाळी), भोपळा, वाल. राऊ गावातल्या आमच्या जमिनीच्या तुकड्यातलं, शेणखतावर वाढलेलं, औषध न मारलेलं. मिल बंद पडली, नवरा घरी बसला, तेव्हापासून चूल त्याच बियांवर पेटायची. माझं बी एकदा नेलं की पुढच्या वर्षी आपल्याच वेलाचं धरता यायचं. सेठजींची चकचकीत पाकिटं दर हंगामाला नवी घ्यावी लागायची. गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं. सेठजींनी बियाण्यांचा सरकारी इन्स्पेक्टर बोलावला.

"लेबल नहीं, तो बीज नहीं. कचरा है ये." साहेबांनी माझ्या पुरचुंड्या दुकानाच्या पायरीवर उपड्या केल्या.

"मिलवाले की औरत बीज बेचेगी!" सेठजी हसले. आणि मग ते पल्लूचं बोलले.

मी झाडलं. ओणवी होऊन, पदरानं, भर बाजारात. मागून कुणीतरी ओरडलं, "वा भिया, दुकान चमक गई!"

पाठ वाकली ती तेवढीच. शेवटची.

घरी नवरा म्हणाला, "सोड आता. कायदा त्यांचा आहे." छपराला वाळक्या गिलक्या लटकत होत्या. वाळली की आत जाळी होते. आमच्याकडे घरोघर त्या जाळीनंच अंग घासतात. मी एक हलवली. आत बी खुळखुळलं. आणि मला असं हसू फुटलं म्हणता!

पुढच्या बाजाराला त्याच जागी बसले. पुढ्यात वाळक्या गिलक्यांचा ढीग, एकही न सोललेली. वाल उसळीचा. भोपळा वाळवून पाण्याचा तुंबा म्हणून. आवाज तर असा लावला की नाटकवाल्यांनी पळवून न्यावं: "अंग घासायची गिलकीऽऽ!"

सेठजी धावत आले. "अरे, इसमें तो बीज है!"

"असेल की, सेठजी. कोहळ्यातही असतं. मी मळ काढायची वस्तू विकते. एक घ्या ना, तुमच्याकडे काम बरंच आहे."

अख्खी गल्ली हसली. इन्स्पेक्टर आले. गिलकी कानाशी नेऊन हलवली, खुळखुळ ऐकली, गुपचूप खाली ठेवली. अंगघासणीला लेबल लावा, असं त्यांच्या कायद्यात कुठंच नव्हतं.

मी माफ केलेलं नाही. आजही त्याच पायरीसमोर बसते. कधीतरी ती पाकिटं दगा देतील आणि सेठजी बी मागायला येतील. देईन. फुकट देईन.

आधी पायरी झाडायची. धोतराच्या सोग्यानं, ओणवं होऊन, भर बाजारात.

मी उभी राहून बघणार.