मास्तरांनी न ऐकलेली पानं

माझी थोरली बहीण, आमची ताई, शिंप्याच्या दुकानात काजं करायची. पण तिची खरी नोकरी वाचायची. दुपारी बायका तिच्या वाट्याची काजं आपसांत वाटून घ्यायच्या आणि ताई मासिकातली एक गोष्ट वाचून दाखवायची. मी चौथीतच शाळेला रामराम ठोकला. मला जे काही पुस्तकी येतं, ते तिथं तुरपाई करता करता कानावर पडलेलं.

त्या गोष्टींत 'भाळणं' फार. घरात आपण असं कधी बोलतो का? आपला जीव जडतो, मन बसतं. गोष्टीतला माणूस मात्र भाळतो. पहिल्या पानावर कुणाच्या तरी केसांवर नाहीतर आवाजावर भाळायचा आणि शेवटच्या पानावर तिला वाऱ्यावर सोडून जायचा. 'भाळला' आलं रे आलं की मशीनवरची वहिनी म्हणायची, "झालं! बांधलं याने बोचकं." आमची हसून मुरकुंडी.

आमचे मास्तर कापायच्या टेबलापाशी उभे असत. खडू कानावर, तोंडाला कुलूप. गोष्टीची सुरुवात मन लावून ऐकायचे. मग गिऱ्हाइकं यायला लागली की टेप गळ्यात टाकून बाहेरच्या खोलीत मापं घ्यायला जायचे, ते पार अंधार पडेपर्यंत.

ताईच्या मनात मास्तर होते. बोलली नाही कधी, पण सगळ्यांच्या कपांत त्यांचा तेवढा ती स्वतः विसळायची. एकदा दुकानात आम्ही तिघंच होतो. मास्तर बोटांत खडू चुरत म्हणाले, "बाई, मी... मी तुमच्यावर भाळलोय."

ताई लालबुंद झाली. मला वाटलं, लाजली.

"भाळलात? मग दुसरीकडे कुठंतरी भाळा," म्हणाली आणि सुई उचलली.

घरी येऊन मात्र उशीत तोंड खुपसून रडली. "सरळ माणूस वाटला होता गं. तोंडाने कबूल करतो, भाळलोय म्हणून!"

मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही. लग्न त्यांनीही केलं नाही, हिनंही नाही. एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून दोघांचे केस पिकले.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि दुकान बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवसांत गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून मास्तर पहिल्यांदाच गोष्ट संपेपर्यंत बसले. गोष्टीतला तो, रीतीप्रमाणे, पळाला.

मास्तरांनी चष्मा काढला. "पळाला?"

"मग? भाळलेले सगळे पळतातच की," वहिनी म्हणाली.

"सगळे?" ते ताईकडे बघत राहिले. "मला वाटायचं, शेवटी लग्न करत असतील."

ताईच्या मांडीवरचं मासिक घसरलं. "तुम्ही शेवट ऐकलेच नव्हते?"

"मी बाहेर मापं घेत होतो ना, बाई."

वहिनीचं मशीन थांबलं.

दुकान मिटलं आणि मास्तर लांब पुतण्याकडे राहायला गेले. मी ताईला म्हटलं, "अजून काय बिघडलंय? एकदा जाऊन ये."

"जाऊन काय सांगू? आता मी भाळले म्हणून? गुडघे बघ माझे!" हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. गेली नाही ती. आता तर मास्तरही राहिले नाहीत.

परवा माझ्या नातीनं विचारलं, "आजी, भाळणं म्हणजे काय गं?" मी ताईकडे बोट दाखवलं.

"कोण म्हणालं तुला?" ताईनं विचारलं.

नात गोरीमोरी झाली.

"मग त्यालाच विचार बाई," ताई म्हणाली. "आणि त्याचं सांगून होईपर्यंत सुई उचलू नकोस."