चाचणीतले छर्रे

बाबा रेल्वेत इंजिनियर. नवा भाग आला की चाचणी घेतल्याशिवाय गाडीला लावायचा नाही, हा त्यांचा खाक्या. घरी नवा कुकर आणला तेव्हा त्यांच्या हुकमावरून आईने पंधरवडाभर भात जुन्यातच लावला होता, यावरून काय ते समजा.

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला, तेलीबागेत राहत होतो; मी घरातही हिंदीच बोलायचे. मी सायकल शर्यतीत उतरायचे. राज्याच्या संघाची निवड फैजाबाद रोडवर, चिनहटच्या पुढे व्हायची होती आणि माझ्या वयोगटातली ती शेवटची संधी. परदेशाहून परतलेल्या एका सहकाऱ्याने बाबांना चाकाच्या बेअरिंगमध्ये घालायला सिरॅमिकचे छर्रे आणून दिले. भिजवलेल्या साबुदाण्याएवढे, पांढरेशुभ्र. मी हरखून गेले.

बाबांचं मात्र घोडं अडलं. सिरॅमिक हलकं खरं, गंजतही नाही, पण छर्रे ज्यांत फिरतात ते चाकातले कप साध्या पोलादाचे, ते खरवडले तर? पुढच्या चाकात घालावेत की मागच्या? ग्रीस लावावं की नुसतं तेल? रोज संध्याकाळी चाक उघडायचे, छर्रे बदलायचे, मला कॉलनीत फेऱ्या मारायला लावायचे, आणि मग चाकाच्या मधला हब तापलाय का ते पालथ्या हाताने चाचपून म्हणायचे, "अजून खात्री नाही." मी दातओठ खात पुन्हा सायकलवर बसायचे.

निवडीच्या आदल्या दुपारीही मागचं चाक उघडंच होतं.

"बाबा, अब बस भी करो! पुरानेवाले ही डाल दो ना. सुबह निकलना है मुझे."

"चाचणी अर्धवट आहे."

"और पूरी कब होगी?"

ते फडक्याने एकच छर्रा पुसत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "त्या रोडवर ट्रक फार असतात गं."

'जाऊ नकोस' एवढं त्यांना तोंडाने म्हणवत नव्हतं, म्हणून इतके दिवस चाक उघडं पडलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच दयाही.

"तो सीधे बोल देते!"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

"नहीं."

मी फरशीवर बसले, जुने छर्रे एकेक करून ग्रीसमध्ये बसवले, अ‍ॅक्सल घातला, दोन्ही बाजूंचे 'कोन' नट हाताने फिरवत आणले. आता फक्त स्पॅनरने आवळायचं राहिलं होतं. बाबांनी स्पॅनर उचलला, तेव्हा मला हायसं वाटलं.

स्पॅनर घेऊन ते आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.