आविलाच्या तटावर, दोन पावलं मागे

स्पेनमधल्या आविलाला जायचं ठरलं ते मुक्तामुळे. मुक्ता माझी बायको. लग्नाआधी ती तिथे पाच महिने स्पॅनिश शिकायला राहिली होती. मी जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. चार दिवसांची सुट्टी जुळून आली आणि तिकिटं काढली. "पिलारबाईंना भेटू. त्यांचा मुलगापण आहे तिथे," ती म्हणाली. पिलारबाई म्हणजे तिची तेव्हाची घरमालकीण. मुलगा म्हटल्यावर मी दहा-बारा वर्षांचा पोरगा डोळ्यांसमोर आणला आणि त्याच्यासाठी छोटी खेळण्यातली गाडीही घेतली.

स्टुटगार्टहून माद्रिद विमानाने अडीच तास. तिथून चामार्तीन स्टेशनवर आविलाची ट्रेन पकडायची, दीड-दोन तास लागतात. गाव चांगलंच उंचावर आहे, मे महिन्यातही जाकीट न्या. स्टेशन तटबंदीच्या बाहेर आहे, पण चालत जाता येतं.

आम्हाला चालावं लागलं नाही. स्टेशनवर सहा फूट उंच, दाढीवाला आल्वारो गाडी घेऊन उभा होता. पिलारबाईंचा मुलगा. त्याने मुक्ताच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि "मुकी!" म्हणून ओरडला. मुकी! खेळणं बॅगेतच राहिलं.

तट पहिल्यांदा दिसतो तेव्हा खरंच बोलती बंद होते. मातकट पिवळ्या दगडांची अखंड भिंत, थोड्या थोड्या अंतरावर गोल बुरूज, वर करकोच्यांची घरटी. आमचं हॉटेल आतच होतं. बुकिंग करताना 'तटाच्या आत' असं बघूनच घ्या, सकाळच्या रिकाम्या गल्ल्या तुमच्याच असतात.

दुपारी जेवायला बसलो. इथे 'रेव्होल्कोनास' मिळतं, लाल तिखट घालून कुस्करलेला बटाटा. वर डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे असतात, शाकाहारी असाल तर आधीच सांगा. मुक्ताने सांगितलं. वेटर काहीतरी बोलला, तिने फाडकन उत्तर दिलं, तो हसला, शेजारचं टेबलही हसलं. जर्मनीत तीन वर्षांत मी तिला अनोळखी माणसांना हसवताना पाहिलं नव्हतं. तिथे डॉक्टरकडे मी बोलतो, आउसलेंडरबेहोर्डं या परदेशी लोकांच्या कचेरीत व्हिसाच्या कामाला गेलो की मी बोलतो. ती शेजारी बसून मान हलवते.

दुसऱ्या दिवशी तटावर चढलो. तिकीट किरकोळ आहे, पायऱ्या मात्र उंच, सपाट बूट घाला. आल्वारो शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे गाईडची गरज नव्हती. वरची वाट अरुंद. ती दोघं पुढे, मी मागे. सुरुवातीला मुक्ता वळून वळून मला मराठीत सांगत होती. मग विसरली. मी बुरुजांचे फोटो काढत राहिलो. घरी येऊन पाहिलं तर अर्ध्या फोटोंत त्या दोघांच्या पाठी आहेत.

"काय म्हणतोय तो एवढं?" मी शेवटी विचारलं.

"असंच. जुन्या मास्तरांची नक्कल."

"उद्या पिलारबाईंकडे जेवायला नको जाऊ या."

ती थांबली. "का?"

"मला काही कळणार नाही तिथे. नुसतं बसून राहायचं."

"हो ना?" ती म्हणाली. "मग तूच फोन करून सांग पिलारबाईंना. मी नाही सांगणार."

मला 'ग्रासियास'च्या पुढे स्पॅनिश येत नाही, हे तिला माहीत होतं. त्यामुळे गेलो.

पिलारबाई पंचाहत्तरीच्या. मला त्यांनी खिडकीशी बसवलं, वाढलं आणि मग सगळे बोलू लागले. मुक्ताने एक शब्दही मराठीत सांगितला नाही. सगळे हसले की मी हसायचो, अर्धा सेकंद उशिरा. पिलारबाईंनी माझ्याकडे बघून काही विचारलं, की मी आशेने मुक्ताकडे बघायचो आणि माझं उत्तर तीच देऊन टाकायची. ती माझ्याबद्दल काय सांगते आहे, हेही मला कळेना. दोन तास! आमच्या कंपनीच्या ग्रिलपार्टीत मुक्ता हातात ज्यूस धरून अशीच बसते. परतताना मी तिला नेहमी विचारतो, "मजा आली ना?"

हॉटेलकडे येताना तिने तेच विचारलं. "मजा आली ना?"

मी म्हटलं, "तुला जर्मनीत माझी गरज लागते, ते मला आवडतं बहुतेक."

"बहुतेक?" ती म्हणाली. हात मात्र सोडला नाही.

परत आलो त्याला आता सहा आठवडे झाले. आविला सुंदर आहे, जरूर जा, दोन रात्री पुरतात. माझी जळजळ गेली असं नाही. आल्वारोचा मेसेज आला की माझी नजर अजून तिच्या फोनकडे जाते. पण गेल्या आठवड्यात तिने आमच्या गावातल्या संध्याकाळच्या भाषावर्गांत स्पॅनिश शिकवण्यासाठी अर्ज केला. जर्मनमध्ये, मला न दाखवता. पाठवून झाल्यावर मी वाचला. दोन ठिकाणी पुल्लिंगी 'देर'च्या जागी स्त्रीलिंगी 'दी' लिहिलं होतं. चूक दाखवायचा मोह आवरला.

काल त्या वर्गवाल्यांचा फोन आला. ती दार लावून बोलत होती. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', एवढंच मला ऐकू आलं, आणि एकदा तिचं मोठ्याने हसणं.

बाहेर आली तेव्हा गाल लाल होते. "मंगळवारचा वर्ग. बारा जण आहेत, सगळे जर्मन."

"मी तेरावा," मी म्हटलं. "शिकव मला."



"नको," ती म्हणाली. "हा वर्ग माझा एकटीचा राहू दे."