काळ्या माकडिणीचा फोटो

कनेरगाव नाक्यावर उकंडरावांचं फोटोचं दुकान होतं, पण लग्नाला त्यांना कुणी बोलावत नसे. घरात माणूस गेलं, की त्याला भिंतीला टेकवून बसवायचं, हार घालायचा आणि मग उकंडरावांना सांगावा धाडायचा, अशी त्या भागाची रीत. अंधाऱ्या घरात, फ्लॅश न उडवता, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसेल असा फोटो ते काढत. लोक फोटो देवघराशेजारी लावत आणि काढणाऱ्याला टाळत. ते रस्त्यानं चालले, की बाया तान्ह्या लेकराला पदराखाली घेत. हे त्यांना फार लागे.

"एकदा तरी जित्त्या जिवाचा असा फोटो काढीन, की लोक पाहतच राहतील," ते बायकोला, गोजरबाईंना म्हणत.

चौऱ्याहत्तर साली एका प्राध्यापकसाहेबांची जीप नाक्यावर बिघडली. दुकानातले फोटो पाहून ते म्हणाले, "केरळच्या डोंगरात येता का? तिथली दुर्मिळ माकडं टिपायची आहेत. जंगल इतकं दाट, की भर दुपारी दिवेलागण वाटते. आणि फ्लॅश उडाला की ती पळतात."

"माकडासाठी इतक्या लांब? काहून, आपल्या पत्र्यावरची काय वाईट हायेत?" गोजरबाई हसल्या. पण भाकरी बांधून दिल्याच.

तिथं झाडांना घाम फुटल्यासारखं पाणी गळायचं. पायाला जळवा, भिंगावर वाफ. उकंडराव कॅमेरा सदऱ्याच्या आत पोटाशी धरून हिंडले. एका सकाळी ती फांदीवर दिसली. अंग काळंकुळकुळीत, तोंडाभोवती पांढरी आयाळ, पोटाशी पिल्लू. उकंडरावांनी कॅमेरा रोखला आणि मयताला धरून बसलेल्या, रडणाऱ्या घरच्यांना बजावत तसे, जन्माच्या सवयीनं, खणखणीत ओरडले, "हलू नका!"

फांदी रिकामी! साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. उकंडरावांना तोंड कुठं लपवावं कळेना.

ती परत येईपर्यंत ते त्याच झाडाखाली बसून राहिले, दातात उपरण्याचा बोळा धरून. ती आली, पण पिल्लू घडीभर स्वस्थ बसेल तर शपथ. एवढ्याशा उजेडात शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार, तेवढ्यात त्यानं मान हलवली की सगळं पुसट. आयुष्यभर न हलणाऱ्यांचे फोटो काढलेला माणूस त्या चिमुरड्यापुढं घामाघूम झाला. शेवटी आईनंच पिल्लाला मांडीवर आडवं घेतलं आणि उवा वेचायला लागली. पिल्लू सुस्तावलं. उकंडरावांनी श्वास रोखला आणि बटण दाबलं.

फोटो उतरला, आणि काय उतरला! आयाळीचा केस न् केस वेगळा, पिल्लाचे डोळे अर्धवट मिटलेले. साहेबांनी तो मोठा करून पाठवला. उकंडरावांनी दुकानाच्या दर्शनी भागात लावला आणि खाली छाती पुढं काढून बसले. का बसू नये? एस.टी. थांबली, की लोक उतरून बघायला येत.

एक दिवस गल्लीतली सोजराबाई आली. बराच वेळ फोटोपुढं उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊ, उद्या आमच्या पोरीचं बारसं हाय. तुमीच या."

उकंडराव धुतलेलं धोतर नेसून गेले. पाळण्यापासून लांब, दाराशीच कॅमेरा काढू लागले. सोजराबाईनं पाळण्यातून पोर उचलली आणि सगळ्या बायांदेखत त्यांच्या हातात दिली.

"फोटो मंग काढा, भाऊ. आधी लेकरू घ्या."